तीस टक्के माणूस

शाळा सोडल्याच्या दाखल्यात 'शाळा सोडण्याचे कारण' असा एक रकाना असतो. आमच्या शाळेत कारकून नाही. दाखले मीच लिहिते, आणि इतक्या वर्षांत त्या रकान्यात मी एकच शब्द लिहीत आले आहे : 'स्थलांतर'. रावेत, किवळे, वाल्हेकरवाडी या पट्ट्यात माणसे येतात, खोली घेतात, पोर शाळेत घालतात आणि एक दिवस जातात. कारण विचारण्याची रीत नाही. मीही विचारीत नसे.

गेल्या जूनमध्ये दुसरीतल्या एका मुलीचे वडील आले. लातूरकडचे गृहस्थ. "बाई, दाखला पाहिजे." मी अर्ज पुढे केला. ते डाव्या हाताने, अक्षर अक्षर कोरीत सही करू लागले. मी सहज म्हटले, "दादा, डावखुरे आहात होय?" ते हसले आणि उजवा हात खिशातून काढून टेबलावर ठेवला. अंगठा होता, करंगळी होती. मधली तीन बोटे नव्हती.

वाचकहो, दिवाळीच्या अंकात, फराळाचे ताट शेजारी असताना, ही बाई तुटलेली बोटे कुठून काढते, असे आपण म्हणाल. माझ्या कादंबऱ्या वाचणाऱ्या भगिनींना तर ते मुळीच रुचणार नाही. पण काय करू? दिवाळी आली की आमच्या भागात बोनसची बोलणी होतात, कंपनीच्या नावाचे मिठाईचे डबे घरोघर येतात. त्याआधी खंडेनवमीला यंत्रांची पूजा होते. प्रेसला झेंडूची माळ घालतात, हळदकुंकू वाहतात, नारळ फोडतात. ज्या यंत्राने या माणसाची बोटे नेली त्यालाही गेल्या वर्षी माळ पडली. माणूस मात्र त्या दिवशी गेटाबाहेर उभा होता. हे मला कळल्यापासून झेंडूची माळ ओवताना हात अडखळतो. म्हणून हे लिहिते आहे.

आता त्यांची हकीगत ऐका. चाकणच्या बाजूच्या एका लहान कारखान्यात आठ वर्षे ते पॉवर प्रेसवर होते. पहाटे मुकाई चौकात गाडीची वाट पाहायची, रात्री अंधारात परत. आठ वर्षांत तीन ठेकेदार बदलले. यंत्र एकच राहिले. प्रेसला दोन बटणे असतात. दोन्ही हातांनी एकाच वेळी दाबल्याशिवाय पंच खाली येऊ नये, म्हणजे हात आपोआप बाहेर राहतात, अशी ती सोय. पण दोन हात बटणावर ठेवले तर पत्रा सरकवायला वेळ जातो आणि दिवसाचा आकडा भरत नाही. म्हणून एक बटण चिकटपट्टीने कायमचे दाबून ठेवलेले होते. कोणी ठेवले? "ते आधीपासूनच होतं, बाई."

विम्याच्या दवाखान्यात उपचार झाले, भत्ता मिळाला. वैद्यकीय मंडळाने हात पाहिला आणि कमाईची शक्ती तीस टक्के गेली असे ठरवले. हा आकडा मंडळाच्या लहरीवर नसतो. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याला आणि १९४८ च्या राज्य विमा कायद्याला जोडलेली एक यादी होती. तिच्यात माणसाचा हात बाजारभावासारखा मांडलेला : अंगठा गेला तर ३० टक्के, तर्जनी गेली तर १४, मधले बोट १२, अनामिका किंवा करंगळी ७. एका हाताची दोन बोटे २०, तीन बोटे ३०, चारही गेली तर ५०. मी ती यादी दोनदा वाचली. मुलांना पाढे शिकवणारी मी. पण इतकी निर्विकार आकडेमोड मी कुठे पाहिलेली नाही.

तरीही त्या यादीवर माझा राग नाही, हे आधीच सांगते. काहीतरी मोजमाप हवेच. पगार पंधरा हजार धरा. त्याचे नव्वद टक्के साडेतेरा हजार, आणि त्याचे तीस टक्के ४,०५० रुपये. एवढे पैसे या दादांना महिन्याला जन्मभर मिळतील. किवळ्यातल्या त्यांच्या खोलीचे भाडे पाच हजार.

पण या हिशेबाच्या पोटात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, आणि तिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. तीस टक्के गेले, म्हणजे सत्तर टक्के शिल्लक आहेत! कायदा म्हणतो, हा माणूस अजून सत्तर टक्के कमावू शकतो. म्हणून आम्ही फक्त गेलेल्या भागाचे देतो. ठीक. मग तो सत्तर टक्के माणूस घेऊन त्याने जायचे कुठे? तो त्याच गेटवर गेला. सुपरवायझर म्हणाला, "अरे, हात नीट बरा होऊ दे." महिन्याने गेला, तर "जागा भरली." ठेकेदाराकडे गेला, तर "कंपनी नको म्हणते रे." कंपनीच्या ऑफिसात गेला, तर "तू आमच्या पटावर होतास कधी?" आणि त्याच आठवड्यात त्याच गेटातून त्याच्या गावचा, त्यानेच दोन वर्षांपूर्वी आणलेला, त्याचा सख्खा पुतण्या त्या प्रेसवर उभा राहिला. दहाच्या दहा बोटांचा.

विम्याच्या कचेरीत हा माणूस सत्तर टक्के धडधाकट ठरतो, गेटवर शंभर टक्के निकामी ठरतो. दोन्ही एकाच वेळी खरे असू शकत नाही. गेट खरे असेल तर विम्याने त्याला पूर्ण रक्कम द्यावी. विमा खरा असेल तर गेट उघडावे. मधल्या मध्ये सत्तर टक्के कोणी गिळले, एवढेच मी विचारते आहे.

"मग भांडायचे, कायदे आहेत की!" असे आमच्या शाळेतले एक शिक्षक मला म्हणाले. आहेत, महाशय. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेली बाई. पण या चार महिन्यांत कायद्याची पुस्तके मी कादंबरीसारखी वाचली. त्यातला नायक कोण, हे सांगते.

१९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात ४७ वे कलम होते. नोकरीत असताना अपंगत्व आले तर माणसाला काढू नये, खालच्या पदावर ढकलू नये. जुने काम जमत नसेल तर त्याच पगारावर दुसरे द्यावे. तशी जागा नसेल तर जादा पद निर्माण करून त्यावर ठेवावे. किती सुंदर कलम! २००३ साली कुणाल सिंग विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते किती पक्के आहे हे सांगितले. पाय कापावा लागलेला हा शिपाई निमलष्करी सेवेतला होता. त्याला निवृत्तिवेतन देऊन घरी पाठवले होते. न्यायालय म्हणाले, निवृत्तिवेतन दिले म्हणून कलमाचे संरक्षण हिरावता येत नाही. म्हणजे, पैसे दिले की नोकरीचा हक्क संपला, असे नव्हे. २०१६ च्या नव्या कायद्याने हेच तत्त्व २० व्या कलमात आणले. १ ऑगस्ट २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने तेलंगणातल्या एका एस.टी. चालकाच्या बाबतीत पुन्हा तेच सांगितले. रंग ओळखता येत नाहीत म्हणून त्याला काढले होते. काढायच्या आधी दुसरे काम शोधणे हे महामंडळाचे कर्तव्यच होते.

तर असा हा नायक. फक्त तो राहतो सरकारी वस्तीत! १९९५ चे ४७ वे कलम सरकारी व निमसरकारी आस्थापनांपुरते होते. २०१६ चे २० वे कलमही 'सरकारी आस्थापना' असेच म्हणते. चाकण, भोसरी, तळवडे, पिंपरी इथल्या खाजगी पत्र्याच्या शेडमध्ये ते पाऊल टाकत नाही. कारकुनाची दृष्टी गेली तर त्याला कायदा हाताला धरून दुसऱ्या टेबलाशी बसवतो, आणि ते योग्यच आहे. पण ज्या कामात बोटे जातात त्या कामावरच्या माणसाला तो कायदा ओळखत नाही. बोटे काय फायलीत सापडून तुटतात?

खाजगी कारखान्यांना २०१६ चा कायदा काहीच सांगत नाही असे नाही. अपंगत्वावरून भेदभाव करू नये असे तिसऱ्या कलमात आहे; पण लगेच एक फट आहे. योग्य हेतू साधण्याचा तो प्रमाणशीर मार्ग असेल तर भेदभाव चालतो! वीस किंवा अधिक माणसे असलेल्या कारखान्याने 'समान संधी धोरण' तयार करून प्रसिद्ध करावे, अपंगांना जमतील अशी कामे त्यात नमूद करावीत, असे २०१७ चे नियम म्हणतात. मी माझ्या ओळखीच्या पाच कामगारांना विचारले, तुमच्याकडे असा कागद भिंतीवर लावलेला पाहिलात का? चौघांनी नाही म्हटले. पाचवा म्हणाला, "सुविचार लावलाय एक." आणि कायदा मोडल्याचा दंड? पहिल्या खेपेला दहा हजारांपर्यंत. आमच्या सोसायटीत लोक याहून महाग फोन पोरांच्या हाती देतात.

आता पुन्हा कामावर घेण्याचे पाहा. इथे तर कमालच आहे. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात एक माणुसकीची गोष्ट होती : मंदीमुळे कामगार कमी केले आणि पुढे भरती निघाली, तर आधी त्या जुन्यांना बोलवावे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून हा कायदा जाऊन औद्योगिक संबंध संहिता आली. तिच्यातही ती गोष्ट आहे, आता एक वर्षाच्या मुदतीची. पण 'कामगार कपात' कशाला म्हणायचे, याची व्याख्या जुन्या कायद्यात होती आणि नव्यातही आहे. तिच्यातून एक माणूस मुद्दाम बाहेर ठेवलेला आहे : सततच्या अनारोग्यामुळे ज्याची नोकरी संपवली तो. त्याची ती कपात नव्हे. म्हणून कपातीची भरपाई नाही, आणि पुन्हा बोलावण्याचा हक्कही नाही. मंदीने गेलेल्या धडधाकट माणसाला परत येण्याचा रस्ता आहे, शरीराने खचलेल्याला नाही. तुटलेली बोटे म्हणजे 'अनारोग्य' नव्हे, असे वकील भांडू शकेल; पण तो वकील कोण देणार?

आणि आमचे दादा तर या व्याख्येच्याही दाराशी पोचत नाहीत. कारण त्यांना कोणी काढलेलेच नाही! कागदावर नोटीस नाही, हिशेब चुकता केल्याची सही नाही. त्यांना फक्त बोलावले नाही. ज्याला काढलेच नाही त्याने कशाविरुद्ध दाद मागायची? ठेकेदारीची ही युक्ती ज्याने शोधली त्याच्या बुद्धीला माझा दंडवत.

मुंबईच्या उच्च न्यायालयाला मात्र ही युक्ती १९९७ सालीच दिसली होती. एका सार्वजनिक महामंडळात १९८६ पासून हंगामी मजूर असलेल्या माणसाला, रक्तात एच.आय.व्ही. सापडला म्हणून, कामाच्या यादीतून गाळले होते. त्यालाही 'काढले' नव्हते. घेतले नव्हते इतकेच. न्यायालयाने त्याचे नाव गुप्त ठेवून खटला चालवू दिला. त्याने विचारलेला प्रश्न साधा होता : हा माणूस आज हे काम करू शकतो का, आणि त्याच्यामुळे इतरांना धोका आहे का? काम करू शकत असेल तर नुसत्या आजाराच्या नावावर त्याची भाकरी तोडता येणार नाही. २००९ साली त्याच न्यायालयापुढे मूत्रपिंड बदललेला एक तरुण आला. बँकेने त्याला निवडले होते, मग वैद्यकीय तपासणीत अपात्र ठरवले होते. बँकेची ती भूमिका न्यायालयाने मानली नाही. माणसाला सामावून घेण्यासाठी मालकाने वाजवी तेवढी सोय केली पाहिजे, हे तत्त्व तेव्हा आपल्या महाराष्ट्रात बोलले गेले.

'हा माणूस काय करू शकतो?' हा प्रश्न त्या गेटवर एकदा तरी कोणी विचारला का? मी दादांना विचारले. ते म्हणाले, "बाई, मी तयार माल हाताळून सांगतो कुठं बर राहिलीय ती. डोळे मिटून." बर म्हणजे पत्र्याची कापल्यावर राहिलेली धारदार कड. आठ वर्षांत कमावलेले हे ज्ञान त्या तीन बोटांबरोबर गेले नव्हते. माल तपासणे, मोजणे, स्टोअरची नोंद ठेवणे, नव्या पोरांना यंत्र दाखवणे, या कामांना किती बोटे लागतात?

मालकांची बाजूही मला माहीत आहे. माझे एक चुलत दीर भोसरीला सहा प्रेस घेऊन बसले आहेत. ते म्हणाले, "वहिनी, वरची कंपनी भावात पैसा पैसा कापते. मी तुमच्या सत्तर टक्क्याला शंभर टक्के पगार देऊ कुठून? आणि उद्या त्याचं चौथं बोट गेलं तर?" पहिल्या प्रश्नात तथ्य आहे, मी नाकारीत नाही. सहा प्रेसवाल्याच्या गळ्यात सगळा भार टाकून वरच्यांनी हात धुवावेत हे न्यायाचे नव्हे. ज्याच्या गाडीला तो पत्रा लागतो त्याच्यापर्यंत हिशेब गेला पाहिजे. 'सेफ इन इंडिया' ही संस्था २०१९ पासून वाहनधंद्यातल्या अशा चिरडलेल्या हातांचे अहवाल काढते आहे, आणि तिचेही बोट वरपर्यंतच्या साखळीकडे आहे. पण दुसऱ्या प्रश्नाला मी दिरांना तोंडावर उत्तर दिले. भाऊजी, चौथे बोट जाईल ही भीती त्याच्या हाताची नाही, तुमच्या यंत्राची आहे. ती चिकटपट्टी काढा. ते गप्प बसले. चहा मात्र दिला.

दुसरा आक्षेप असा की हे दाखलेबिखले सगळे खोटे असतात. २०२४ साली पुण्यातल्या एका परिविक्षाधीन अधिकाऱ्याच्या अपंगत्वाच्या दाखल्यांवरून देशभर गहजब झाला. त्यातला एक दाखला आमच्याच पिंपरीच्या पालिका रुग्णालयातला निघाला, आणि तेव्हापासून ही समजूत फार बळावली. लबाडांना शोधा, शिक्षा करा. मी टाळ्या वाजवीन. पण त्या लबाडीचे माप या माणसाला का? त्याच्याकडे तर दाखलाही उपयोगाचा नाही. सरकारी नोकरीतल्या चार टक्के राखीव जागांसाठी निदान चाळीस टक्के अपंगत्व लागते. ते माप वेगळे, विम्याचे वेगळे. चाळीसच्या आत राहिलेला माणूस राखीव जागेसाठी फार धडका, आणि गेटसाठी फार लुळा.

जगात सगळीकडे हे असेच चालते, असेही कोणी म्हणते. नाही चालत. जर्मनीत वीस किंवा अधिक माणसे कामाला असलेल्या मालकाने पाच टक्के जागा गंभीर अपंगत्व असलेल्यांना द्यायच्या. नाही दिल्या तर दरमहा आकार भरायचा. जपानात खाजगी कंपन्यांसाठी हे प्रमाण एप्रिल २०२४ मध्ये अडीच टक्के झाले. या दोन्ही देशांच्या कंपन्यांच्या पाट्या चाकणच्या रस्त्यावर झळकतात. त्यांच्या घरी त्यांचा कायदा जे मागतो ते आमचा कायदा इथे मागतच नाही, तर त्यांना दोष कसा द्यावा?

आणि इतके लांब तरी कशाला जा? आकुर्डीला लोकलमध्ये बसा, पाचवे स्टेशन खडकी. पहिल्या महायुद्धात हातपाय गमावलेल्या हिंदी सैनिकांना धंदा शिकवण्यासाठी १९१७ साली मुंबईत क्वीन मेरी यांच्या नावाने एक शाळा निघाली, ती पुढे खडकीला आली. परक्या सरकारला शंभर वर्षांपूर्वी उमजले होते की ज्याचा हात आपण वापरला, त्याचा हात गेल्यावर त्याला काम शिकवणे आपल्याकडे लागते. चाकणच्या लढाईत पडलेल्यांसाठी अशी शाळा कुठे आहे, मला कोणी दाखवावी.

इथपर्यंत लिहून मी लेख संपवणार होते. मालकाला शिव्या देऊन लेख संपवणे सोपे असते, आणि वाचकालाही ते गोड लागते. पण एक गोष्ट राहिली आहे, ती लिहिल्याशिवाय गत्यंतर नाही.

तीन वर्षांपूर्वी आमच्या शाळेत बालवर्गाला मदतनीस हवी होती. एक बाई आल्या. पोलिओने एक पाय लहान, चालताना झोका जाई. त्या आधी दोन वर्षे आमच्याकडेच होत्या, करोनात शाळा बंद पडली तेव्हा सगळ्यांबरोबर घरी गेल्या होत्या. मुले त्यांच्या अंगाखांद्यावर लोळत. शाळा पुन्हा सुरू झाल्यावर बाकीच्यांना निरोप गेले, त्यांना गेला नाही. म्हणून त्या स्वतः आल्या. चिटणीस म्हणाले, "आता नवे पालक सोसायट्यांतले आहेत. मुलं चालण्याची नक्कल करतील, पालक बोलतील." मी त्या खोलीत होते. दोन वर्षांत एकाही मुलाने नक्कल केल्याचे मी पाहिले नव्हते. उलट, वर्गातली सगळी मुले त्यांच्यासाठी दार धरून उभी राहत. हे सांगायला एक वाक्य पुरले असते. मी हजेरीपुस्तकाची पाने उलटीत बसले. माझी स्वतःची नोकरी तेव्हा नुकतीच पुन्हा मिळाली होती, असे मी मनाशी सांगत आले आहे. त्या बाई "बरं" म्हणाल्या आणि झोका घेत जिना उतरल्या.

त्यांनाही आम्ही काढले नव्हते. बोलावले नव्हते इतकेच.

त्या रावेतलाच राहतात, बंधाऱ्याकडच्या वस्तीत. भाजीबाजारात समोर येतात. मी मेथीची जुडी उचलून पाहू लागते.

दादांच्या मुलीच्या दाखल्यावर मी कारणाच्या रकान्यात लिहिले होते : 'कारखान्यात वडिलांची तीन बोटे गेली, पुन्हा कामावर घेतले नाही.' मुख्याध्यापकांनी दाखला परत पाठवला, 'असे कारण चालत नाही.' मी 'स्थलांतर' लिहून दिले. पहिला दाखला माझ्या खणात आहे. पुण्यातल्या दिव्यांग आयुक्तांच्या कचेरीकडे करायचा अर्ज मी दादांसाठी लिहून ठेवला आहे; ते लातूरहून सही करून पाठवतो म्हणाले आहेत, अजून आलेला नाही.

बालवर्गाची मदतनिसाची जागा या दिवाळीच्या सुट्टीपासून पुन्हा रिकामी होते आहे. मी चिटणिसांना लेखी कळवले आहे की त्या बाईंना आधी विचारावे, नाही तर नकाराचे कारण कागदावर द्यावे. उत्तर सुट्टीनंतर. भाजीवालीकडून मी त्यांना निरोप धाडला. तिने दुसऱ्या दिवशी उलट निरोप आणला : "बाईंना म्हणावं, स्वतः घरी येऊन सांगा."

लक्ष्मीपूजन झाले की जाणार आहे.